घोंगडीवर बसलेलं कोकरू

आमच्या घरात बाईला दिवस गेले की सगळ्यांची नजर तिच्या पायांवर जायची. उंबरठा ओलांडताना उजवा पाय आधी पडला तर मुलगा, डावा पडला तर मुलगी. उठताना ती कोणत्या हाताचा टेका घेते, कोणत्या कुशीवर निजते, पोट पुढं आलंय की दोन्ही बाजूंनी पसरलंय, तोंड उजळलंय की उतरलंय, आंबट मागते की गोड, हे सगळं बघितलं जायचं आणि त्यावर चार माणसांत बोललं जायचं. तिला काही तकलीफ आहे का, एवढंच विचारायचं राहून जायचं. मीही कधी विचारलं नव्हतं.

हे आठवायला कारण झालं. माझी तिसरी मुलगी आता सासरी नांदते. तिला दिवस गेलेत. मागच्या आठवड्यात तिच्या गावचा एक माणूस बाजारात भेटला, त्याच्याकडून तिनं निरोप पाठवला: “बाबाला सांगा, इथं सासू दिवसभर माझ्या पायांकडं बघत बसते.” निरोप सांगताना तो माणूस हसत होता. तीही हसतच बोलली असेल. मी मात्र घरी येईपर्यंत हसू शकलो नाही. ही मुलगी पोटात असताना आमच्या घरात जे झालं ते तिला अजून नीट माहीत नाही. त्यात माझा जो भाग होता, तो मी बायको सोडली तर कुणापुढंच मोकळेपणानं मांडलेला नाही.

आम्ही मेंढरं राखणारी माणसं. सेनगावच्या अलीकडं कयाधूच्या एका ओढ्यावर आमचं गाव. तेव्हा निजामाचं राज्य होतं. शाळा उर्दूतून होती, आणि त्यातही मी चार इयत्ता कशाबशा केल्या. मराठी लिहायला मोठेपणी शिकलो. वडील माझ्या लहानपणीच गेले. घर आणि मेंढरं दोन्ही थोरल्या चुलत्यांच्या हातात होती. आम्ही त्यांना आबा म्हणत असू. आबा वाईट माणूस नव्हते. दुष्काळात त्यांनी स्वतः अर्धी भाकर खाऊन आम्हाला जगवलं होतं, आणि म्हणूनच त्यांच्यापुढं तोंड उघडायची कुणाची हिंमत नव्हती. माझी तर नव्हतीच.

मला आधीच्या दोन मुली होत्या. तिसऱ्या वेळी माझ्या बायकोला दिवस गेले आणि माघात आबांनी ओट्यावर बसून विषय काढला.

“वाशीमकडचा एक सोयरा आला व्हता,” ते म्हणाले. “त्याची पोरगी उपवर हाय. दुसरेपणाला द्यायला तयार हाय. पण त्याला आखितीच्या सणाआधी जबाब पायजे. त्याच्या पुढं तो थांबत न्हाई.”

मी ओट्यावर सांडलेली लोकर वेचत राहिलो.

“घरात दोन पोरीच हायेत,” आबा म्हणाले. “तिसरं लेकरू श्रावणात येईल. तोवर कोण थांबतंय? आपण चिन्हं बघू. पोरग्याची चिन्हं असली तर सोयऱ्याला न्हाई म्हणून सांगू. पोरीची असली तर सुपारी फोडून टाकू. काय म्हणतो तू?”

माय कोपऱ्यात लोकर पिंजत होती. तिनं मान वर केली नाही. आत चुलीपुढं माझी बायको भाकरी थापत होती, त्याचा आवाज ओट्यावर येत होता. मी मान हलवली आणि म्हणालो, “तुमी म्हणाल तसं.”

आत भाकरी थापायचा आवाज थांबला. थोड्या वेळानं पुन्हा सुरू झाला.

एवढंच घडलं. मी कुणाला मारलं नाही, घराबाहेर काढलं नाही. फक्त मान हलवली. पण माणसानं आयुष्यात काय काय केलं याचा मी जेव्हा हिशेब मांडतो, तेव्हा पहिल्यांदा मला तो थांबलेला आवाज ऐकू येतो. सवत म्हणजे काय हे मला माहीत नव्हतं असंही नाही. माझ्या मायच्या उरावर सवत आलेली होती. माझ्या आधी तिला मुलीच झाल्या, म्हणून वडिलांनी दुसरी आणली होती. पुढं मी झालो आणि ती दुसरी बाई काही वर्षांत तापानं गेली. माय तिच्याविषयी चांगलं किंवा वाईट काहीच कधी बोलली नाही. सवतीचं नाव निघालं की ती उठून कामाला लागायची.

त्या दिवसापासून माझ्या बायकोवर पहारा बसला. आबा ओट्यावर बसूनच बघत. शेजारच्या बायका पाणी भरायला येता-जाता बघत. एकीला तोंड उतरलेलं दिसे, म्हणजे पोरीनं आईचं रूप घेतलं. दुसरीला तेच तोंड उजळलेलं दिसे, म्हणजेही पोरगीच, कारण पोरगी आईला नटवते. मी एकदा म्हणालो, “दोन्ही चिन्हं पोरीचीच कशी?” तर त्या बाईनं मलाच सुनावलं, “तू मेंढरं बघ बाबा. बायांचं तुला काय कळतंय!”

गावात एक मनियारीण यायची. हिंगोलीहून बांगड्यांची टोपली डोक्यावर घेऊन गावोगाव फिरायची. सगळे तिला खाला म्हणत. बांगड्या भरताना गरवार बाईचा हात दाबून मुलगा की मुलगी ते ती सांगायची, आणि बायका तिचं ऐकायच्या. मी तिला गावाबाहेर बाभळीखाली गाठलं.

“खाला, आज माझ्या घरी जाशील तर पोरगं हाय म्हणून सांग,” मी म्हणालो.

ती टोपली खाली ठेवून हसायला लागली. “अरे बाबा, मैं तो सबकोच बेटा बोलती! बेटी बोली तो उस घर में पानी भी नै पूछते.”

“आणि मुलगी झाली तर?”

“होती ना! आधे घरां में बेटा होता, वो लोगां मेरेकू दुआ देते, जनमभर याद रखते. बाकी के आधे भूल जाते. बांगडी कौन वापस करता?”

ती घरी आली, बायकोचा हात दाबला, डोळे मिटले आणि मोठ्यानं म्हणाली, “बेटाच है.” आबांनी ओट्यावरूनच हात झटकला. “हिचं काय धरून बसता? ही तर वांझ म्हशीलाबी पोरगंच सांगंल.” खालाला राग आला नाही. ती म्हणाली, “मियाँ, म्हैस कू बांगडी भरके देख लेती मैं,” आणि माझ्या मायकडून मूठभर तूर घेऊन गेली.

म्हणजे खालाचा उपयोग झाला नाही. तोवर माझ्या मनात काय होतं हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. मी आबांना सरळ नकार द्यायला तयार नव्हतो. चिन्हं आपोआप मुलाची निघाली तर बरं, आपल्याला काही बोलावं लागणार नाही, एवढीच माझी धाव होती.

माझं मन बदललं ते माझ्या थोरल्या मुलीमुळं. ती तेव्हा पाच-सहा वर्षांची असेल. लहान लेकराला अचानक विचारायचं, तुझ्या मायच्या पोटात भाऊ की बहीण, आणि ते पहिल्यांदा जे म्हणेल ते खरं, अशीही एक रीत होती. आबांनी तिला विचारलं आणि ती ताडकन म्हणाली, “भाऊ!” आबा खूश झाले, तरी तेवढ्यावर त्यांनी सोयऱ्याला निरोप धाडला नाही.

दुसऱ्या दिवशी ती माझ्याबरोबर मेंढरांमागं आली होती. बोरं वेचता वेचता म्हणाली, “बाबा, आबांनी आणखी एकदा विचारलं तर बरं व्हईल.”

“काहून?”

“माय म्हणली, भाऊ म्हण, मग गूळ देते. मी म्हणलं. तिनं दिला गूळ.”

“कुठून दिला?”

“पिठाच्या डेऱ्यात लपवलाय की तिनं. ती रोज खाती, दार लावून. मला म्हणती कुणाला सांगू नको.” मग ती जरा थांबून म्हणाली, “तुला सांगितलं तर चालतंय न्हवं?”

मी संध्याकाळी घरी आलो आणि पहिल्यांदा बायकोकडं नीट बघितलं. जेवताना ती चिंचेचं सार ओरपत होती, वर हिरवी मिरची चावत होती, आणि सगळ्यांना दिसेल असं “आज लईच आंबट खावंसं वाटून राहिलं” म्हणत होती. तिला आंबट कधीच सोसत नसे. जेवण झालं की ती मागच्या अंगणात जाऊन छाती धरून बसे, आंबट ढेकर काढी. मला वाटायचं, गरवारपणात होत असेल तसं. उंबरठ्याशी आली की ती क्षणभर थांबायची, पाय बदलायची आणि मग उजवा टाकायची. ही बाई आपली चिन्हं सगळ्या घरापासून लपवत होती. तिला गोड हवं होतं, आणि गोड मागितलं तर आपल्या घरात दुसरी बाई येईल या भीतीनं ती पिठात हात घालून चोरासारखा गूळ खात होती. आणि ज्यानं मान हलवली तो मी तिच्यासमोर बसून जेवत होतो.

त्यानंतर मी एक खोटेपणा केला. त्याचा मला पश्चात्ताप आहे की नाही, हे मला या वयातही ठरवता येत नाही.

आमच्या घराण्यात एक परीक्षा होती. खाला, शेजारणी, लेकरं यांच्यावर आबांचा भरवसा नव्हता. पण या परीक्षेपुढं ते कुणाचं ऐकत नसत. ती त्यांच्या आजोबांपासून चालत आलेली होती. गरवार बाई रोज अंगावर घेते ती घोंगडी घ्यायची. मेंढरं कोंडायच्या जाळ्याच्या आत, रिकाम्या जागेत ती अंथरायची. नुकतीच जन्मलेली दोन कोकरं, एक नर आणि एक मादी, आत सोडायची. जे कोकरू आधी घोंगडीवर जाऊन बसेल, तेच लेकरू. आबा म्हणायचे, “मेंढरू खोटं बोलत न्हाई.”

फाल्गुनात आबांनी परीक्षा ठरवली. त्या वर्षी बाकीच्या मेंढ्या हिवाळ्यातच व्याल्या होत्या. एवढी लहान अशी दोनच कोकरं कळपात उरली होती. कान फाटलेल्या एका मेंढीचा नर, आणि दुसऱ्या एका पांढऱ्या मेंढीची मादी. “आज संध्याकाळी मेंढ्या परतायच्या आत बघून घेऊ,” आबा म्हणाले. “दुपारीच घोंगडी काढून जाळ्यापाशी ठेव.”

बायकोनं घोंगडी काढून दिली. माहेराहून आलेली काळी घोंगडी होती.  देताना घोंगडीच्या एका टोकाची निघालेली दशी तिनं दातांनी तोडली.

ज्यानं मेंढरं राखली त्याला एक गोष्ट माहीत असते. कोकरू आईला डोळ्यांनी फारसं ओळखत नाही. ओळखतं ते वासानं. एखाद्या मेंढीचं कोकरू मेलं आणि दुसरं पोरकं कोकरू तिच्या अंगावर लावायचं असलं, तर आम्ही वासाचीच अदलाबदल करतो. हे काम मी लहानपणापासून करत आलो होतो. त्या दिवशी दुपारी मेंढ्या ओढ्याकाठी बाभळीखाली बसल्या होत्या. घोंगडी घेऊन मी तिकडं गेलो आणि कान फाटलेली मेंढी धरली. तिच्या कासेतलं दूध हातावर घेऊन घोंगडीच्या मधोमध चोळलं. मग घोंगडीच तिच्या कासेला, पोटाला लावून दाबली. मेंढी निवांत उभी राहिली.  आबांना, त्यांच्या आजोबांना, आमच्या साऱ्या मेंढरांना मी फसवतोय असं वाटत होतं. आजूबाजूला कुणी नव्हतं तरी मी चार वेळा मागं वळून बघितलं.

संध्याकाळी घरातली आणि शेजारची माणसं जाळ्याभोवती जमली. बायको जरा लांब, भिंतीला टेकून उभी होती. कोकरं दुपारपासून उपाशी होती, केकाटत होती. आबांनी त्यांना आत सोडलं.

आधी मादी धावली.  दुधाचा वास लागल्यावर ती घोंगडीपाशी गेली, तोंड खाली घातलं, आणि तिथंच थबकली. वास दुसऱ्या मेंढीचा होता. ती वळली आणि जाळ्याच्या कडेनं आपल्या आईला हाका मारत फिरू लागली. तेवढ्यात नर घोंगडीवर चढला. नाक घासलं, गुडघे मोडून बसला. तिथं तो थांबला असता तर फार बरं झालं असतं. त्यानं घोंगडीची एक चुणी तोंडात धरली आणि शेपूट हलवत लुचायला लागला.

 ज्यानं जन्म मेंढरांत काढला त्याला हे बघून कळायलाच हवं होतं. पण माणसाला जे बघायचं असतं तेच दिसतं बहुतेक. आबा मांडीवर थाप मारून हसले. “लुचतंय बघा! घरचं दूध पिऊन दांडगं होणार हे पोरगं!”

सगळे हसले. मायनं मात्र पुढं होऊन कोकरू बाजूला सारलं, घोंगडी उचलली आणि घडी केली. “मुतलंय तिच्यावर,” ती म्हणाली आणि घोंगडी घेऊन घरात गेली. मी घोंगडी बघितली होती. कोकरू मुतलं नव्हतं. पण त्या वेळी माझ्या डोक्यात एवढंच होतं की परीक्षा संपली. दुसऱ्या दिवशी सकाळी माय ती ओढ्यावर धुताना दिसली. आमच्याकडं घोंगडी वर्षवर्ष धुवत नाहीत. तेही मी बघितलं आणि विसरून गेलो.

आबांनी वाशीमच्या सोयऱ्याला निरोप धाडला: आमच्याकडं पोरगं येणार आहे, आम्हाला गरज नाही. त्या मुलीचं त्याच वैशाखात दुसरीकडं लग्न झालं. मी तिला कधी पाहिलं नाही. माझ्या घरी दुसरेपणावर येण्यापेक्षा तिला बरं घर मिळालं असेल, अशी मी समजूत घालून घेतो.

त्यानंतरचे महिने बायकोला चांगले गेले. पोटात मुलगा आहे म्हटल्यावर तिला दूध मिळू लागलं, तूप मिळू लागलं, पाण्याची घागर कुणी उचलू देईना. पायांकडं बघणं थांबलं. आबांनी त्या नराच्या गळ्यात पितळेची घंटा बांधली. गावभर सांगत सुटले, “खरं बोलणारं कोकरू हाय हे. याला मी विकणार न्हाई, कळपाचा मेंढा करणार.” ते जिथं जाई तिथं घंटा वाजे, आणि ती वाजली की मी तिथून उठून जायचो. कारण मला एकट्याला माहीत होतं की कोकरानं काहीच सांगितलेलं नाही. पोटातलं लेकरू मुलगाही असू शकत होतं, मुलगीही. बायको आता हसत होती, भरपूर खात होती, आणि हे सारं मी खोट्यावर उभं केलं होतं. श्रावणात मुलगी झाली तर तिचं तोंड कसं होईल, याच विचारानं माझी भूक गेली. शेजारीण म्हणाली, “नवऱ्याला अन्न जात न्हाई म्हणजे पोरगंच. हे तर पक्कं चिन्ह हाय!”

श्रावणात एका सकाळी बायकोच्या कळा सुरू झाल्या. दुपारपर्यंत आम्ही ओट्यावर बसून राहिलो. मग आतून रडण्याचा आवाज आला आणि सुईण दारात आली.

“पोरगी हाय,” ती म्हणाली. “बाळंतीण बरी हाय.”

मी फक्त पहिलं वाक्य ऐकलं. दुसरं ऐकायला मला बराच वेळ लागला, याची मला लाज वाटते.

आबा उठले. जाळ्यापाशी गेले, त्या नराला धरलं आणि गळ्यातली घंटा सोडून काढली. ते परत आले आणि म्हणाले, “कोकरानं फसवलं. आता दुसरी सोयरीक बघावी लागंल.”

माय दारात आली होती. थोरल्या दिराशी ती कधी तोंड देऊन बोलत नसे. ती भिंतीकडं बघत बोलली, पण आवाज सगळ्यांना ऐकू जाईल असा होता.

“चिन्ह काय मी बघितलं व्हतं? न् पोरगं येणार म्हणून गावभर कोण सांगत व्हतं? आता नव्या सोयऱ्याच्या दारी गेलं की तो आधी कोकराचीच गोष्ट विचारंल. हसू द्यायचं असंल लोकाला तर जावा.”

आबांच्या हातात घंटा होती. ती वाजू नये म्हणून त्यांनी मुठीत धरली. ते मेंढरांकडं निघून गेले. दुसऱ्या सोयरिकीचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. काही दिवसांनी खाला आली, बाळाचं तोंड बघितलं आणि शपथेवर म्हणाली, “मैं तो तभीच बेटी बोली थी. तुम लोगां सुनते कहाँ!”

पण माझं ओझं उतरलं नव्हतं. बारसं झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी बाजेशी बसलो आणि बायकोला सारं सांगितलं. ओट्यावर मान हलवली ते, गुळाचं कळलं ते, कासेचं दूध घोंगडीला चोळलं ते. “तुला खोटी आशा लावली मी,” म्हणालो. “मुलगा होणार म्हणून तू इतके महिने आनंदात होतीस.”

ती माझ्याकडं बघत राहिली आणि मग हसायला लागली. पोट दुखतंय म्हणून एका हातानं पोट धरून हसली.

“एवढ्यासाठी तोंड पाडून बसला व्हता व्हय इतके दिवस? मला वाटलं पोटात काय रोग झाला.”

“म्हणजे?”

“अवं, घोंगडी माह्या अंगावरची. तिला माह्या तेलाचा वास, चुलीच्या धुराचा वास. संध्याकाळी आत्याबाईनं आणून दिली तर तिच्यात कान फाटकीच्या कासंचा वास! मी काय मेंढरवाल्याच्या घरची न्हाई का?”

“मग मायला...”

“त्यांनीच पहिले हुंगली. मग मला हुंगायला दिली. दोघी एकमेकींकडं बघून राहिलो. मग त्या म्हणल्या, हिला सकाळी धुवून टाकते, थोरल्या दिरांनी हुंगली तर बोंब व्हईल.”

 इतके महिने ज्या गोष्टीच्या भीतीनं मी जेवलो नव्हतो ती घरातल्या दोन बायकांना पहिल्या दिवसापासून माहीत होती.

“मग मला काहून सांगितलं न्हाई?”

तिनं बाळाचं दुपटं सारखं केलं. “मी म्हणलं, सांगते. आत्याबाई म्हणल्या, काहून? त्यानं ओट्यावर मान हलवली तवा आपल्याला विचारलं व्हतं का? भिऊ दे त्याला जरा.” ती पुन्हा हसली. “लईच भ्यालात तुमी.”

“आणि तू? तुला भीती नव्हती वाटत? चिन्ह खोटं आहे हे तुला माहीत होतं.”

“तवर लई वाटत व्हती,” ती म्हणाली. “रोज वाटायची. घोंगडी हुंगली तवापासून न्हाई वाटली. म्हणलं, ज्याला दूध चोळायचं सुचलं तो आता सुपारी फोडू देणार न्हाई. पोरगं व्हवो का पोरगी.”

 त्या क्षणी मला जे वाटलं त्याला सुटका हाच शब्द आहे. मी मान हलवली होती हे पुसलं गेलं नाही. ते तिलाही ठाऊक होतं, मायलाही. पण त्याच्यानंतर मी जे केलं तेही त्यांनी वासावरून ओळखलं होतं, आणि दोन्ही गोष्टी सोबत ठेवून त्यांनी माझा हिशेब केला होता. मी माझा केला होता त्यापेक्षा तो बराच हलका निघाला.

बाहेरून मायचा आवाज आला. “काय हसणं लावलंय? लेकरू उठंल.” मी बाहेर आलो. तिच्याकडं वर बघायचं मला धाडस होईना. ती लोकर पिंजत होती, तशीच, मान खाली घालून. “बाजारला चाललास का?” तिनं विचारलं. “येताना गूळ आण. पिवळा, चांगला बघून. अन् पिठात ठेवू नको म्हणावं तिला, मुंग्या लागत्यात.”

पुढं आम्हाला मुलगा झाला की नाही, हे ही गोष्ट वाचणारा प्रत्येक जण आधी विचारेल. ते मी इथं सांगणार नाही. निजामाचं राज्य गेलं, आबाही गेले, माय गेली. घंटा अजून घरात आहे. आता ती एका शेळीच्या गळ्यात आहे आणि ती शेळी कसलंही भाकीत करत नाही.

उद्या मी मुलीच्या गावी निघालो आहे. तिच्या सासूशी भांडायला नाही. ती बाई तिच्या घरात शिकली तेच करते आहे. मला जावयाशी बोलायचं आहे. पायांकडं बघणारी माणसं असणारच, पण चुलीपुढचा आवाज कधी थांबतो तिकडं त्याचं लक्ष असावं, एवढं मला त्याला सांगायचंय. तोंडानं बोलताना मी अडखळेन, म्हणून आधी हे लिहून काढलं. बरोबर चिंच घेतली आहे आणि गूळही. तिला काय हवंय ते तीच सांगेल.